तिसऱ्या दारापासून विहिरीपर्यंत

ये अशी, जवळ ये. कागदावर का होईना, पण जरा सरकून बस. लांबून बोललेलं मला आता आवडत नाही. आणि आधी थोडं रागवून घेते तुला. गेल्या खेपेला आलीस ती चार दिवसांसाठी, आणि त्यातले तीन दिवस कानांवर ते मोठे काळे डबे चढवून खोलीत बसलीस. मी चहा घेऊन दाराशी उभी, आणि तू आत कुणाला तरी हळू आवाजात सांगत होतीस की पुलाखाली उतरू नका, खाली कुणीतरी आहे. मी विचारलं तर म्हणालीस, खेळ आहे गं आजी, आम्ही चौघं ऑनलाइन खेळतो, जादू, तलवारी, राक्षस, तुला नाही कळायचं. मिनू, मला कळलं. इतकं कळलं की चहाचा कप तसाच हातात घेऊन मी स्वयंपाकघरात परत गेले. त्या मित्रांना तू कधी भेटली आहेस का, असं विचारणार होते. राहून गेलं. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्यात एक होती. तिला आम्ही कामठी म्हणायचो. तिच्याइतकं स्वच्छ पाहणारं माणूस मी आजवर दुसरं बघितलं नाही. ती सांगायची, "उजव्या हाताले भिंत आहे, भिंतीत चीर आहे, चिरीतून मुंग्या जाऊन राहिल्या," आणि नागपुरात खुर्चीवर बसल्या बसल्या मला त्या मुंग्या दिसायच्या. आणि जी सात वर्षं ती आम्हाला असं दाखवत होती, त्याच सात वर्षांत तिची स्वतःची नजर जात होती. आधी कडेकडेनं, मग आत आत. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तुला मात्र आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तू माझ्यापेक्षा शहाणी राहशील. त्या सात वर्षांत तिनं माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. एकदा कामठीला येऊन जा, मला तुझं तोंड पाहायचं आहे, एवढंच. बसनं जेमतेम पाऊण तासाची वाट.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा मॅट्रिक झालेली, आणि आमच्या घरातली पहिली पगारदार. तुझ्यासारखं नंबर दाबला की लागला, असं तेव्हा नव्हतं. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल सांगून ठेवायचा. मग आम्ही बोर्डासमोर बसलेल्या बाया एक दोरी एका भोकातून उपसून दुसऱ्यात खुपसायच्या, तेव्हा कुठे या गावचा माणूस त्या गावाला ऐकू यायचा. त्या दोरीला कॉर्ड म्हणत. तिकडून कुणी बोलावलं की बोर्डावरचं एक छोटं पितळी झाकण टक्कन खाली पडायचं. आणि आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नसू. जे ज्या गावच्या बोर्डावर, ते गाव त्याचं नाव. मी नागपूर. माझ्या ओळीत कामठी, काटोल आणि उमरेड. काटोल हा पन्नाशीचा गडी, संत्र्यांच्या व्यापाऱ्यांचे कॉल देऊन देऊन घसा बसलेला, पण थट्टेला सदा तयार. उमरेड नवीन लग्न झालेली पोरगी, कोळशाच्या खाणीच्या साहेबांना घाबरणारी.

नागपूरची उन्हाळ्यातली दुपार तू कधी नीट पाहिली नाहीस, एसीत झोपतेस. त्या वेळी दोन ते चार शहर मेल्यासारखं असायचं. खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, त्यांच्यावर पाणी मारणारा माणूस पाणी मारून कुठेतरी आडवा झालेला, आत हिरवट अंधार आणि ओल्या गवताचा वास. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, नुसतं पांढरं ऊन उभं. बोर्डावर एक झाकण पडायचं नाही. अशा एका दुपारी कामठीचं झाकण पडलं. मी कॉर्ड लावली. पलीकडे आधी मागांचा आवाज, खटक खटक, तिच्या एक्स्चेंजला लागूनच विणकरांचा मोठा कारखाना होता. मग ती बोलली. कॉल नव्हताच.

"नागपूर," ती म्हणाली, "तुमच्यासमोर एक दार आहे. उघडू का?"

मी समोर पाहिलं. समोर बोर्ड होता, भोकंच भोकं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, काय बाई, उन्हानं डोकं फिरलं का. मी म्हटलं, उघडा.

तिथून तो खेळ सुरू झाला. त्या जागेचं नाव मुका किल्ला. तिथे मोठ्यानं बोललं की भिंती ऐकतात, म्हणून सगळं हळू आवाजात. थोड्याच दिवसांत मी कॉर्डा अशा लावायला शिकले की चारही गावं एकमेकांना ऐकतील. काटोल झाला कुऱ्हाडवाला पहिलवान. उमरेड झाली चेटकीण; तिला दिवसातून तीनदा एखादी वस्तू नाहीशी करता यायची, आणि पहिल्याच दिवशी तिनं काटोलची कुऱ्हाड नाहीशी केली. मी मशालवाली. पुढे चालायचं आणि उजेड धरायचा. कामठी कुणीच नव्हती. ती फक्त सांगायची, पुढे काय आहे ते. किल्ल्यात उतरलं की डाव्या हाताला थंड भिंत लागायची, भर मे महिन्यात बर्फासारखी. पुढे दातांचा राक्षस, जो दिसत नाही, पण भिंतीपलीकडे बसून रात्रंदिवस दात वाजवत असतो. मग तीन दारं एकामागे एक, तिसऱ्याला तीन मोठे खिळे. आणि त्याच्याही पुढे एक विहीर, बिनकठड्याची, जमिनीबरोबर, तोंड उघडं टाकून पडलेली. त्या विहिरीत वाकून पाहिलं की खालून आपल्याच आवाजात आपल्याला कुणी हाक मारतं, असं ती म्हणाली तेव्हा उमरेडनं तिकडे कॉर्डच काढून टाकली होती. दोन दिवस आली नाही खेळायला.

तुमच्या खेळात नशीब ते यंत्र ठरवतं ना? आमचं नशीब गिऱ्हाईक ठरवायचं. राक्षसावर कुऱ्हाड लागली की नाही, उडी पोचली की नाही, हे पुढचा जो कॉल येईल त्याच्या नंबरच्या शेवटच्या आकड्यावर. नऊ म्हणजे फत्ते, शून्य म्हणजे गेलात. मग आम्ही चार गावं श्वास धरून बसायचो, आणि सीताबर्डीतला कुणी कापडवाला फोन उचलून म्हणायचा, मला उमरेडला दोन तीन चार द्या, आणि त्याला पत्ता नसायचा की त्याच्या चारनं काटोलचा एक हात गेला. काटोल दुसऱ्या दिवशी सांगायचा, बाई, उजव्या हातानं जेवलो नाही बाप्पा काल, बायको विचारून राहिली काय झालं. एक नियम कामठीनं पहिल्या दिवशीच घालून दिला होता. आकडा खोटा सांगायचा नाही. वाईट आला तरी जो आला तोच सांगायचा. "आकडा खोटा झाला की किल्ला खोटा होते," ती म्हणायची, "मंग आतला माणूस आतच राहून जाते."

एकदा मी तिला विचारलं की हे सगळं तुम्ही रचता कधी, घरी बसून लिहून ठेवता का. मागांच्या खटखटीत ती म्हणाली, "बनवत नाही वं मी. पाहून राहिली." तोवर ती मला अगं-तुगं करायला लागली होती, आणि तिच्या त्या 'वं'मध्ये मोठी माया असायची. पण ते वाक्य ऐकून माझ्या मानेवर काटा आला. तुला ठाऊक आहे, आमच्या घरी या गोष्टींना थारा नव्हता. दीक्षा घेतली तेव्हा मी शाळकरी होते, आणि बाबांनी त्याच आठवड्यात आम्हा भावंडांना समोर बसवून सांगितलं होतं, भूत नाही, अंगात येणं नाही, देवऋषी नाही, यातलं आपण काही मानायचं नाही. मी मानत नव्हते. आजही मानत नाही. जे झालं ते सांगते, एवढंच.

तिची एक सवय होती. किल्ल्यातली वाट सांगताना ती पावलं मोजून द्यायची, आणि तोंडानं नाही, नखानं. टेबलाच्या लाकडावर टक, टक, टक. आम्ही तिघं ऐकत मोजायचो. ती थांबली की मी वहीत लिहायचे: दिंडी दरवाजातून खाली अकरा पायऱ्या. थंड भिंतीला हात लावून चाळीस. तिसऱ्या दारापासून विहिरीपर्यंत बावीस, तिथे थांबून उजवीकडे वळायचं. वही ठेवण्याचं काम तिनं मलाच दिलं होतं. म्हणायची, नागपूरपाशी उजेड आहे, वही तिच्याचपाशी राहू द्या. मध्येच कधीतरी ती विचारायची, अमक्या वाटेची पावलं किती सांगितली होती मी, आणि मी वही उघडून सांगायचे. आम्हाला वाटायचं परीक्षा घेते आहे.

आणि चार वाजले, झाकणं पडायला लागली, कॉर्डा काढायची वेळ झाली की तिचं रोजचं एक वाक्य असायचं. "जा आता आपापल्या गावी. मशाल तेवढी ठेवून जा वं, नागपूर. मले घरापर्यंत सोडून देईल." मी हसून म्हणायचे, ठेवली. सात वर्षं रोज म्हटलं असेन, ठेवली.

आता ते भेटीचं. पहिल्या वर्षी मी म्हटलं, दिवाळीत येते. मग आई आजारी. मग माझं लग्न, मग तुझ्या आईच्या वेळचे महिने. कारणं सगळी खरी होती, पण खरं कारण त्यांच्यात नव्हतं. एक तर मला भीती वाटायची की तिला पाहिलं की तो आवाज मरेल. दुसरं जास्त खोल होतं, ते आज लिहिते. लाइनवर माणसाला फक्त गाव असतं. आडनाव नसतं. एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई तिचा पाण्याचा लोटा माझ्यापासून हातभर लांब ठेवायची, रोज, न बोलता. कामठीचा लोटा मला दिसत नव्हता. तो तसाच न दिसलेला बरा, असं मला वाटायचं. तिच्या घरी गेले, कुणी आडनाव विचारलं, आणि तिच्या आवाजात तो हातभर फरक पडला, तर मी पुन्हा त्या किल्ल्यात कशी जाणार होते?

ती मात्र विचारत राहिली. सुरुवातीला वर्षातून एकदा, मग महिन्यातून. शेवटच्या उन्हाळ्यात दर आठवड्याला. "काहून येत नाही वं? मले तुझं तोंड पाह्यचं आहे." मी येते येते म्हणत गेले. तुझ्यासारखीच.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे वरून तपासणी येणार म्हणून धावपळ झाली. सुपरवायझर बाई टेबलं तपासत येत होत्या. मी घाईघाईनं ती वही कॉल नोंदवायच्या जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्यात खुपसली, आणि संध्याकाळपर्यंत तो गठ्ठा रद्दीत निघून गेला होता. सात वर्षांचा किल्ला गेला. मला इतकी लाज वाटली की मी कुणाला बोलले नाही. आता खेळ वरच्या मजल्यांवर आला आहे, खालच्या वाटा कोण विचारतंय, असं मनाला समजावलं.

आठवडाभरात तिनं विचारलं. आम्ही किल्ल्याच्या सातव्या मजल्यावर होतो, काटोल एका सापाशी भांडत होता, आणि ती मध्येच म्हणाली, "नागपूर, तिसऱ्या दारापासून विहिरीपर्यंत किती पावलं होती?"

काटोल म्हणाला, अवं बाई, ते तं खाली राहिलं, तीन वर्षं झाली त्याला, इथी साप उभा आहे माझ्यासमोर. ती म्हणाली, मले परत जावं लागते. तिच्या आवाजात घाई होती, तशी कधी नसायची. मी हात टेबलावर फिरवला, जशी काही वही तिथेच आहे. वीसच्या पुढचं काहीतरी होतं, एवढं आठवत होतं. आणि मी म्हटलं, "अठ्ठावीस."

पलीकडे फक्त माग वाजत होते. खटक खटक. मग ती म्हणाली, "अठ्ठावीस. बरं." चारच्या सुमारास कॉर्डा काढल्या. त्या दिवशी ती मशालीचं काही बोलली नाही. ते माझ्या लक्षात आलं, बसमध्ये बसल्यावर.

दुसऱ्या दिवशी कामठीच्या लाइनवर पुरुषाचा आवाज. मी विचारलं, बाई कुठे आहेत. येत नाहीत आता, एवढंच त्यानं सांगितलं आणि कॉल मागितला. तिसऱ्या दिवशी पण तोच. एरवी दोन वाजता मी तिघांना जोडायचे, त्या दिवशी दोघांनाच जोडलं. उमरेड म्हणाली, ताई, ती तुम्हालाच बोलावत होती, आम्हाला कधी नाही बोलावलं. काटोल थट्टेवर आला नाही. म्हणाला, "जा वं पोरी. तुझ्या हातात मशाल आहे."

चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती. सीताबर्डीवरून बस धरली. लू लागू नये म्हणून डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये कांदा. कामठीला उतरले तेव्हा दोन वाजायला आले होते. एक्स्चेंज विचारत गेले, छोटीशी इमारत. आतल्या माणसानं सांगितलं, मागच्या दारानं निघा, तिचं घर तिकडेच, पण नेहमीची गल्ली नळासाठी खणून ठेवली आहे, दुसरीकडून जावं लागेल. मी मागच्या दारातून खाली उतरले. पायऱ्या अकरा होत्या.

मी मोजल्या नव्हत्या, मिनू. पायांनी मोजल्या. शेवटच्या पायरीवर मी थांबले. डाव्या हाताला एक लांब भिंत होती. तिच्यावर हात ठेवला, भिंत थंडगार. बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत होती ती, पलीकडे लाद्या रचलेल्या असणार. हात तसाच ठेवून मी चालले, चाळीस पावलांवर भिंत संपली आणि दातांचा राक्षस सुरू झाला. माग. पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास-साठ माग, एकही माणूस नजरेस नाही, नुसते दात वाजत होते. मग एका बंद वखारीची दारं. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्याला तीन मोठे खिळे.

तिथून पुढची गल्ली सरळ होती आणि पूर्ण रिकामी. आता मला सगळं समजलं होतं. ही बाई किल्ला रचत नव्हती. ती तिच्या घरच्या वाटा, दिसत होतं तोवर, एकेक मोजून आमच्याजवळ ठेवून देत होती. मी तिला अठ्ठावीस सांगितले होते. मी तिसऱ्या दाराला पाठ लावली आणि निघाले. एक, दोन, तीन. डोळे जमिनीवर. माझ्या मागे कुणाची तरी चप्पल वाजते आहे असं वाटलं, पण मी वळले नाही. मोजणं चुकेल ही भीती जास्त होती. वीस. एकवीस. बावीसाव्या पावलाला माझ्या अंगठ्यापुढे जमीन संपली. विहीर होती, बिनकठड्याची, जमिनीबरोबर. आत काळं पाणी, फार खोल. अठ्ठावीस सोड, पंचवीसही झाले नसते.

"बावीस झाले का वं, नागपूर?"

खालून नाही, उजवीकडून. कडुनिंबाखाली एक ओटा होता आणि ओट्यावर एक बाई बसली होती. किरकोळ, चाळिशीची, पांढऱ्या सुती पातळातली. मोजत होते ते मी मोठ्यानं मोजत होते, हे मला तेव्हा कळलं. तिचे डोळे उघडे होते आणि माझ्या थोडं बाजूला पाहत होते.

मी रडायलाच लागले. ती म्हणाली, बस आधी, सावलीत ये, रडून काय होते. तिनं सगळं साधेपणानं सांगितलं. भाऊ मागावर, त्याच्या कमाईत पाच तोंडं, तिचा पगार होता म्हणून घर उभं होतं. नजर जाते आहे हे कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून तिनं बोर्ड बोटांनी पाठ केला, झाकणं आवाजावरून ओळखायला शिकली, आणि वाटा आमच्याजवळ ठेवल्या. त्या दिवशी दुपारी नेहमीची गल्ली खणली गेली. विहिरीकडची वाट तिनं तीन वर्षांत पायाखाली घातली नव्हती.

मी विचारलं, मग तुम्ही वाचलात कशा. ती म्हणाली, "खरं बोलते तेव्हा तुझा आवाज खुर्चीवर बसलेला असते. अठ्ठावीस म्हणाली तेव्हा तो उभा राहिला. समजलं मले." म्हणजे आकडा खोटा आहे हे तिला कळलं होतं, खरा कोणता ते माहीत नव्हतं. तेव्हाच का नाही विचारलं, असं मी म्हटलं. "विचारलं असतं तं पावलं काहून पाहिजे, तेही सांगावं लागलं असतं." ती तिसऱ्या दारापर्यंत आली आणि तिथेच जमिनीवर बसली. त्या उन्हात, तासन्‌तास. भाऊ शोधत आला तेव्हा गल्लीतली दहा माणसं गोळा झाली होती. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. तिनं स्वतःच जाऊन नोकरी सोडली.

तिची वहिनी बाहेर आली. कोण, कुठल्या, आणि मग ज्याला मी सात वर्षं भीत होते तो प्रश्न, आडनाव काय. मी सांगितलं. वहिनी क्षणभर तशीच उभी राहिली. कामठीचा चेहरा हलला नाही. म्हणाली, "वहिनी, पाणी आण ना तिले. माझ्या गिलासात आण." एवढंच. मी ते पाणी प्याले, आणि सात वर्षं मी कशाला भीत बसले होते ते त्या गिलासाच्या तळाशी दिसलं.

मग तिनं मला समोर बसवलं. मला वाटलं, आता हातानं चेहरा चाचपून पाहील. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली, जशी बोर्डावर बसत असेल. "आता तू सांग," ती म्हणाली, "माझ्यासमोर कोण आहे? बनवू नको. पाहून सांग."

असं मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. सांगायला लागले. रंग सावळा. कपाळ मोठं. नाक बसकं, डावीकडे लहानपणीची खूण. दुपट्टा डोक्यावरून मागे सरकलेला. डोळे रडून सुजलेले. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, एखादा नकाशा पडताळून पाहावा तशी. माझं संपल्यावर म्हणाली, "हाव. अशीच आहे."

मग तिनं विचारलं, "तुझ्यासंगं आली ती उभी काहून आहे? तिलेही बसव ना."

मी म्हटलं, मी एकटीच आले. ती म्हणाली, दोघींची पावलं आली, तिसऱ्या दारापासून. मी मागे वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती, पांढरी, दूरवर मागांचा आवाज. ती हसली. तिला हसताना मी त्याच दिवशी ऐकलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. म्हणाली, "किल्ल्यातली तुझी मशालवाली असेल. दोन वाजता येते ती, रोज. आज तुले घेऊन आली."

निघताना मी तिचा हात धरला. पुन्हा येईन म्हटलं. तिचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं, पण ते मी लिहिणार नाही; माझ्यासाठी ती कामठीच. पुढच्या सुट्टीला गेले तर तिला बालाघाटकडे मोठ्या बहिणीकडे नेलं होतं. दोन पोस्टकार्डं आली, दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. तिसरं आलं नाही. तिचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

किल्ल्यात आम्ही परत गेलो नाही. पण एक सांगायचं राहिलं. कामठीच्या बोर्डावर बसलेल्या त्या नव्या माणसानं महिनाभरानं मला विचारलं, बाई, तुम्ही दोन वाजता इकडे कशाला लावता आणि बोलत का नाही. मी आपणहून लावत नव्हते. माझ्याकडे रोज दोन वाजता कामठीचं झाकण पडायचं. मी कॉर्ड लावायचे, आधी मागांचा आवाज, आणि मग लाकडावर नख. टक, टक, टक. मला वाटायचं तो माणूसच वेळ घालवतो आहे. बावीस झाले की थांबायचं. ते जुने बोर्ड काढून नेईपर्यंत हे चाललं. तारेत दोष असेल. बाबा असते तर म्हणाले असते, तारेत दोष आहे. मीही तेच म्हणते.

आता तुला हे सगळं का सांगितलं ते ऐक. गेल्या महिन्यात तुझ्या आईला न सांगता मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. काचबिंदू म्हणाले. कडेकडेनं गेलं आहे, थेंब घालून जेवढं टिकेल तेवढं. घाबरू नकोस. प्रताप नगरचं हे घर मी मोजायला घेतलं आहे. पलंगापासून मोरीपर्यंत नऊ. ओट्यापासून तुळईखालच्या खांबापर्यंत सहा. फाटकापासून माझ्या खुर्चीपर्यंत एकोणीस. पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आहेत सगळे, हा कागद जपून ठेव; माझी वही एकदा हरवली आहे. आणि दुपारी दोनला डोळे मिटून मोजत चालते, तेव्हा एकटी असते असं मला वाटत नाही. भीती नाही वाटत. कुणीतरी उजेड धरून पुढे चालल्यासारखं वाटतं.

तुझ्या त्या तीन मित्रांना माझा निरोप दे, एकमेकांच्या गावी जाऊन या म्हणावं. आणि तू परीक्षा, प्रोजेक्ट, तिकीट मिळत नाही, असलं काही सांगू नकोस. सगळी कारणं खरी असतात. मला तुझं तोंड पाहायचं आहे, मिनू. फाटकातून आत आलीस की एकोणीस पावलं मोठ्यानं मोजत ये, मी खुर्चीत बसून ऐकते. पण लवकर ये.